घरी केलेलं गाणं भारी बजेटचं वाटावं म्हणून काय काय करायचं (नवशिक्यांसाठी)

काही रेकॉर्डिंग्ज लावली की पहिल्या पाच-दहा सेकंदांतच कळतं, इथे पैसा ओतलाय. गाणं आवडो न आवडो, आवाज कसा ऐसपैस आणि चकचकीत असतो, कुठे काही धडपडत नाही, मागे काहीतरी सतत हलत असतं पण लीड (मुख्य) आवाजाच्या आड येत नाही. आणि मग आपण लॅपटॉपवर केलेलं आपलं गाणं त्याच्या पाठोपाठ लावतो आणि तोंड कडू होतं. कोरडं, चपटं, सगळं एकमेकांच्या अंगावर आलेलं. बहुतेक जण इथे एकच उपाय करतात, नवा माइक घेतात. मग प्लगइन्स (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायची छोटी सॉफ्टवेअर्स). मग अजून एक माइक.

माझं मत विचाराल तर ही खरेदी सगळ्यात शेवटी करा. जुन्या भारी बजेटच्या रेकॉर्डिंग्जमध्ये पैसा नक्की कुठे जायचा ते बघा. मोठी आणि छान वाजणारी खोली, उत्तम वादक, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वेळ. स्टीली डॅन या बँडचा १९७७ चा 'एजा' हा अल्बम या बाबतीत नेहमी पुढे केला जातो, त्यातल्या 'पेग' गाण्याच्या गिटार सोलोसाठी एकामागून एक वादक येऊन वाजवून गेले आणि शेवटी जे ग्रेडनचा सोलो ठेवला. म्हणजे जे विकत घेतलं होतं ते होतं 'हे नको, परत करू' म्हणायचं स्वातंत्र्य. ते तुमच्याकडे घरी फुकट आहे, कोणी तासाचं मीटर लावून बसलेलं नाही. चांगल्या वादकांची सोय थोडीफार होते, खोलीचं मात्र खरंच अवघड आहे, त्यावर पुढे येतोच.

आधी कान तयार करा

तुम्हाला ज्या पद्धतीचं गाणं करायचंय त्या पद्धतीची दोन-तीन भारी रेकॉर्डिंग्ज निवडा, चांगल्या क्वालिटीच्या फाइल्स मिळवा आणि त्या थेट तुमच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये एका वेगळ्या ट्रॅकवर टाका. आणि त्यांचा आवाज खाली आणा, तुमच्या मिक्सइतका (मिक्स म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करून झालेलं गाणं). हे अजिबात टाळू नका कारण जे जरा मोठ्याने वाजतं ते आपल्या कानाला चांगलंच वाटतं, आवाज वाढला की बेस आणि वरची चमक दोन्ही जास्त जाणवतात (कानाची ही सवय फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवली होती). मास्टर झालेलं (शेवटचा हात फिरवलेलं) गाणं आणि तुमचं कच्चं मिक्स यांची तुलना तशीच केलीत तर दरवेळी तुम्हीच हरणार आणि शिकायला काही मिळणार नाही.

मग कागद घ्या आणि गाण्याचा नकाशा काढा. खरंच कागद घ्या. कितव्या सेकंदाला काय येतं, काय जातं. पहिल्या अंतऱ्यात काय होतं आणि दुसऱ्यात काय नवीन आलं. साधारण एक गोष्ट लगेच लक्षात येते, एका वेळी लक्ष वेधणाऱ्या गोष्टी दोन, फार तर तीन असतात, बाकीचं सगळं मागे भरणी करत असतं. आपल्याला वाटतं तिथे ढीगभर वाद्यं एकदम वाजतायत, पण नीट ऐकलं तर ती एकापाठोपाठ एक डोकावून जातात.

आता एक गंमतशीर युक्ती सांगतो, ही प्रत्येकाने एकदा तरी करावीच. संदर्भाच्या गाण्याच्या उजव्या चॅनलची पोलॅरिटी उलटी करा (बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये गेन किंवा युटिलिटी नावाच्या प्लगइनमध्ये हे बटण असतं) आणि मग सगळं मोनो करा. दोन्ही बाजूंना जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं, म्हणजे मधोमध असलेला लीड आवाज, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), बेस जवळजवळ गायब. उरतं ते फक्त बाजूचं. आणि तिथे काय काय सापडतं! दोन्हीकडे पसरलेले बॅकिंग आवाज, रिव्हर्बची (आवाजामागच्या घुमण्याची) शेपूट, एखादं शेकर, कुठेतरी एकाच ओळीपुरती आलेली गिटार जी तुम्ही शंभरदा गाणं ऐकूनही कधी ऐकली नव्हती. श्रीमंत वाटणारा निम्मा मामला इथे लपलेला असतो. मग हीच युक्ती स्वतःच्या मिक्सवर करा, बरेचदा जवळजवळ शांतता असते, किंवा नुसता रिव्हर्बचा लगदा.

माइक हातात घ्यायच्या आधी: अरेंजमेंट

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक उड्या मारून पुढे जातात आणि मग मिक्समध्ये ईक्यूने (फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करायच्या साधनाने) मारून मुटकून जागा करत बसतात. माझ्या मते महागडा आवाज निम्म्याहून जास्त इथेच ठरतो.

पहिलं काम, कोण कुठल्या सप्तकात वाजतंय ते लिहून काढा. कीबोर्डचा डावा हात, गिटारच्या जाड तारा आणि बेस हे तिघं एकाच ठिकाणी घुसले असतील तर जगातलं कुठलंही प्लगइन तुम्हाला वाचवणार नाही. बेस वाजत असताना कीबोर्डचा डावा हात उचलूनच घ्या, नाही म्हणजे नाही. कॉर्ड्स जवळजवळ चिकटून वाजवण्यापेक्षा पसरून वाजवा, मधला सूर एक सप्तक वर नेऊन बघा, त्याच तीन सुरांत एकदम हवा खेळायला लागते. दोन गिटार असतील तर दुसरी कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून वर वाजवा, तेच कॉर्ड्स वेगळ्या आकारात.

दुसरं म्हणजे एकच ओळ दोन-तीन वाद्यांनी एकत्र वाजवायची. १९६० च्या दशकात निर्माता फिल स्पेक्टर लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत एकाच खोलीत बरेच वादक बसवून हेच करायचा, अनेक गिटार आणि पियानो एकच भाग वाजवतायत आणि तो सगळा आवाज एको चेंबरमधून (आवाज घुमवायच्या खास खोलीतून) जातोय. ऐकणाऱ्याला वेगवेगळी वाद्यं कळत नाहीत, एकच मोठं, नाव नसलेलं वाद्य ऐकू येतं. तुमच्याकडे इतके वादक नसू देत, पण पियानोच्या वरच्या ओळीबरोबर हळूच ग्लॉकेनस्पील (धातूच्या पट्ट्यांचं छोटं वाद्य), किंवा सिंथच्या बेसखाली खरी बेस गिटार, किंवा गिटारच्या रिफबरोबर एक सप्तक वर अगदी दबक्या आवाजात म्यूट केलेली दुसरी गिटार. दुसरं वाद्य ऐकू येता कामा नये, बंद केल्यावर मात्र काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे. इतकीच लेव्हल.

आणि तिसरं, काहीही जसंच्या तसं परत येऊ देऊ नका. दुसरा कोरस पहिल्याची कॉपी-पेस्ट असेल तर ऐकणाऱ्याला कारण कळत नाही पण स्वस्त वाटतं एवढं नक्की. दुसऱ्या अंतऱ्यात एक वाद्य आणा, एक काढा. शेवटच्या कोरसमध्ये एखादी उलटी चाल, एखादा वरचा आवाज. काढणं हे घालण्याइतकंच कामाचं आहे बरं का, कोरसच्या आधी दोन मात्रा बेस आणि किक बंद ठेवला तर कोरस कुठलाही ट्रॅक न वाढवता दुप्पट मोठा वाटतो. उगाच खोगीरभरती करून ऐंशी ट्रॅक केले म्हणजे भव्य होतं असं नाही.

खोली, माइक आणि सूर

खोलीचं गणित थोडक्यात सांगतो. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तुम्ही भिंतीपासून अर्ध्या मीटरवर माइक ठेवलात की भिंतीवर आपटून परत आलेला आवाज मूळ आवाजानंतर सुमारे तीन मिलिसेकंदांनी माइकमध्ये शिरतो, आणि इतक्या कमी अंतरावरचे दोन आवाज मिसळले की काही फ्रिक्वेन्सी वाढतात काही गायब होतात. तो 'डब्यात गायल्यासारखा' आवाज येतो ना, तो हा. म्हणून छोट्या खोलीत भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून दूर या, गायकाच्या पाठीमागे जाड रजई, गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट असं काहीतरी ठेवा. मागेच का, तर कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो आणि गायकाच्या मागची भिंत त्याच्या बरोबर समोर असते.

आता बाजारात मिळणारा पातळ फोम. तो वरची चमक खातो आणि खालची घोंगावणारी फ्रिक्वेन्सी तशीच ठेवतो. १०० हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिला पाच सेंटिमीटरच्या फोमने काय फरक पडणार. सगळ्या भिंतींना फोम चिकटवलेली खोली म्हणून कोंदट आणि मेलेली वाजते. त्यापेक्षा मोजक्या ठिकाणी जाड काहीतरी ठेवा आणि बाकी खोली सोडून द्या.

अकूस्टिक गिटारसाठी बाराव्या फ्रेटसमोर साधारण २० ते ३० सेंटिमीटरवर माइक ठेवून सुरुवात करा, साउंडहोलच्या तोंडावर नको, तिथे नुसता घुमारा येतो. गायकासाठी एक वीत ते दीड वीत, मध्ये पॉप फिल्टर. जवळ आलं की खालचा आवाज फुगतो (प्रॉक्सिमिटी इफेक्ट) आणि लोकांना तो उबदार म्हणून आवडतो पण सहा ट्रॅक तसेच केले की सगळा चिखल होतो, तेव्हा लीड जवळून आणि बाकीचं लांबून. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये, लेव्हल सरासरी उणे १८ डीबीच्या आसपास असली तरी भरपूर झाली, लाल दिव्यापर्यंत नेण्याची काही गरज नाही.

आणि ट्यूनिंग. प्रत्येक टेकच्या (एका वेळच्या रेकॉर्डिंगच्या) आधी. प्रत्येक. गिटारच्या तारा नव्या घाला. स्वस्त गिटार नव्या तारांनी आणि नीट सुरात लावून वाजवली तर महागड्या बेसूर गिटारपेक्षा कितीतरी श्रीमंत वाजते, यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

डिस्टॉर्शनवाल्या गिटारबद्दल एक वेगळं सांगायला हवं. डेफ लेपर्ड या बँडच्या १९८७ च्या 'हिस्टेरिया' अल्बममध्ये निर्माता मट लँगने काही ठिकाणी कॉर्डमधला एकेक सूर वेगळा वाजवून घेतला. वेडेपणा वाटतो पण त्याला कारण आहे. दोन सूर एकदम डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवेच सूर तयार होतात, आणि कॉर्ड जितकी गुंतागुंतीची तितका हा कचरा जास्त. सूर वेगवेगळे रेकॉर्ड केले की कचरा होतच नाही आणि कॉर्ड काचेसारखी स्वच्छ येते. तुम्ही सगळं गाणं तसं करू नका, वेड लागेल, पण कोरसमधल्या दोन-चार मोठ्या कॉर्ड्सवर करून बघा. एरवी गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) तुम्हाला आवडतो त्याच्या दोन-तृतीयांशावर आणा आणि तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे एक उजवीकडे टाका.

आवाजांचे थर

मला स्वतःला यात सगळ्यात जास्त मजा येते म्हणून इथे जरा रेंगाळतो.

१९७५ मध्ये टेनसीसी या बँडने 'आय अॅम नॉट इन लव्ह' हे गाणं इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टला त्यांच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत केलं. त्यांना मागे मोठा कोरस हवा होता आणि कोरस बोलावणं शक्य नव्हतं. तर बँडमधल्या तिघांनी एकेक सूर धरून नुसतं 'आ' गायलं, प्रत्येक सूर १६ वेळा, म्हणजे एका सुराला ४८ आवाज, आणि असं सप्तकातल्या सगळ्या सुरांचं. एकूण सहाशेच्या आसपास आवाज. या कामात तीन आठवडे गेले. मग त्यांच्या टेपच्या लूप्स करून प्रत्येक सूर मिक्सिंग डेस्कच्या एकेका फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर) आणला आणि फेडर वर-खाली करून डेस्कच वाद्यासारखं वाजवलं. पण मला आवडणारी गोष्ट पुढे आहे, फेडर पूर्ण खाली जाऊच नयेत म्हणून त्यांच्या तळाशी पट्टी चिकटवून ठेवली होती, त्यामुळे सगळे सूर अगदी बारीक कायम ऐकू येत राहतात, धुक्यासारखे. लक्ष देऊन ऐका, ते धुकं आहे. हे सगळं १६ ट्रॅकच्या मशीनवर. तुमच्या लॅपटॉपवर ट्रॅकना मर्यादाच नाही, तेव्हा सबब चालायची नाही.

आता घरी कसं करायचं. लीड आवाज एकच, मधोमध, पाच-सहा टेकमधून ओळीओळीने उत्तम तुकडे निवडून जोडलेला. कोरसमध्ये त्याच्या खाली तीच ओळ परत दोनदा गायची, एक टेक पूर्ण डावीकडे एक पूर्ण उजवीकडे, लीडपेक्षा बऱ्याच हळू. इथे एक शॉर्टकट सगळेच मारायला बघतात, एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकायचा. तसं केलं तर काहीच होत नाही, आवाज फक्त जरा मोठा होतो आणि मधोमधच राहतो. रुंदी येते ती दोन टेकमधल्या बारीक फरकाने, सूर दोन-चार सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) इकडेतिकडे, शब्द काही मिलिसेकंद पुढेमागे. म्हणून परत गायचं, दुसरा इलाज नाही. (परत परत गायचा कंटाळा बीटल्सनाही होता, त्यासाठीच एबी रोडच्या इंजिनिअर केन टाउनसेंडने १९६६ मध्ये टेपने आपोआप डबलिंग करायची पद्धत काढली. ती छान वाजते पण खऱ्या डबलची गोष्ट वेगळीच.)

मग हार्मनी. प्रत्येक सुराचे कमीत कमी दोन टेक, जमलं तर चार. आणि इथे ब्रूस स्वीडीनची युक्ती वापरा, मायकल जॅक्सनचे अल्बम रेकॉर्ड करणारा इंजिनिअर, तो बॅकिंगचे थर घेताना गायकाला प्रत्येक वेळी माइकपासून थोडं मागे सरकवायचा. लांबून गायलं की आवाजात भोवतालच्या खोलीचा आवाजही मिसळतो, आणि सगळे थर एकाच जागेतून गायल्यासारखे न वाटता खरोखर माणसं पुढे-मागे उभी असल्यासारखी खोली (डेप्थ) तयार होते. म्हणजे पहिले दोन टेक वीतभर अंतरावर, पुढचे दोन एक पाऊल मागे, शेवटचे दोन दोन पावलं मागे. खोली वाईट वाजत असेल तर फार मागे जाऊ नका एवढंच. सगळ्यात वर एक थर नुसत्या कुजबुजीचा किंवा हवेशीर फॉल्सेटोचा (खोट्या, वरच्या आवाजाचा), त्याने सगळ्यावर तलम चमक येते.

गाताना 'स', 'त', 'क', 'प' अशी अक्षरं फक्त लीडमध्येच नीट म्हणायची, बाकी थरांमध्ये गिळायची, नुसता स्वर. बारा टेकमधले बारा 'स' बारा वेगवेगळ्या वेळी आले की पावसात टिनाच्या छपराखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. राहिलेच तर एडिटिंगमध्ये कापा. सगळे हार्मनीचे ट्रॅक एका ग्रुपमध्ये घालून खालचं १५०-२०० हर्ट्झपर्यंत काढून टाका, एकत्रित कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं साधन) लावा, आणि मग लेव्हल इतकी खाली ठेवा की तुम्हाला वाईट वाटेल. इतकी मेहनत केलीय आणि ऐकूच येत नाहीये असं वाटेल तीच बरोबर लेव्हल.

व्हायोलिन्सचं काय करायचं

ऑर्केस्ट्रा परवडत नाही, ठीक आहे. सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) वापरा पण कीबोर्डवर दोन हातांनी जाड कॉर्ड्स दाबून ठेवू नका, ते ऑर्गन वाजतं. पहिली व्हायोलिन, दुसरी, व्हिओला, चेलो, प्रत्येकाची ओळ वेगळी आणि गाता येईल अशी वाजवा. मॉड्युलेशन व्हीलने प्रत्येक सुराचा जोर कमी-जास्त करत राहा, खरा वादक एक सेकंदही सरळ रेषेत वाजवत नाही. आणि शक्य असेल तर एक खरा व्हायोलिनवादक शोधा, सगळ्यात वरची ओळ त्याच्याकडून तीन-चार वेळा वाजवून घ्या, दरवेळी खुर्ची जरा सरकवून, आणि ते सॅम्पलवर अंथरा. कान वरच्या खऱ्या घासणीवर विश्वास ठेवतो आणि खालचं खोटंही खरं मानून घेतो. एकावर एक चढवणं ही काही गरिबांची पळवाट नाही, बीटल्सनी १९६७ मध्ये 'अ डे इन द लाइफ'साठी ४० वादक बोलावले तेव्हा त्यांचंही वाजवणं अनेकदा रेकॉर्ड करून एकावर एक रचलं होतं.

साफसफाई

हे काम कोणाला आवडत नाही. पण करायचं. गाणं सुरू नसतानाचा प्रत्येक ट्रॅकवरचा आवाज कापायचा, खुर्चीची कुरकुर, हेडफोनमधून गळणारा क्लिक, गिटारवर हात सरकल्याचे नको तितके आवाज, आणि प्रत्येक कापलेल्या टोकाला छोटासा फेड. श्वास सगळे उडवू नका, लीडचे ठेवा, थोडे खाली करा. डबल्सची सुरुवात आणि शेवट लीडशी जुळवा, शेवट जास्त महत्त्वाचा, ओळ संपताना सगळे एकदम थांबले की ऐकणाऱ्याला वाटतं हे लोक वर्षानुवर्षं एकत्र गातायत. पिच करेक्शन (सॉफ्टवेअरने सूर दुरुस्त करणं) लीडवर हलकं आणि थरांवर हवं तर जास्त, मात्र सगळे थर शंभर टक्के सरळ केलेत तर आत्ताच कमावलेली रुंदी घालवून बसाल.

मिक्स

खालून सुरुवात. किक आणि बेसमध्ये सगळ्यात खाली कोण राहणार ते ठरवा, दोघंही एकदम तळाशी राहू शकत नाहीत. साधारण १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मधोमध. बाकीच्या वाद्यांचं खालचं जे गरजेचं नाही ते काढा, आणि २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यांनी थोडंथोडं कमी केलं की धुळीचा थर उतरतो. पण सोलो करून (एकच ट्रॅक चालू ठेवून) ईक्यू करू नका, सगळं वाजत असताना करा, एकटं ऐकताना बारीक वाटणारी गिटार मिक्समध्ये नेमकी बसते.

आता रिव्हर्ब, कारण 'भारी' वाटणं बऱ्याच अंशी इथे आहे आणि घरच्या मिक्सचा सत्यानाशही इथेच होतो. जुन्या रेकॉर्डिंग्जमधला तो रेशमी रिव्हर्ब बरेचदा प्लेटचा असतो, १९५७ चं इएमटी १४० म्हणजे एका चौकटीत ताणून लावलेला पोलादी पत्रा, वजन जवळजवळ २७० किलो, आता त्याची नक्कल प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये मिळते. ती सेंडवर लावा (म्हणजे वेगळ्या ट्रॅकवर ठेवून बाकीच्या ट्रॅकचा हवा तेवढा आवाज तिकडे पाठवा). रिव्हर्बच्या आधी एक ईक्यू टाका आणि ६०० हर्ट्झच्या खालचं व १० हजार हर्ट्झच्या वरचं कापून टाका, एबी रोडची ही जुनी पद्धत आहे आणि ती एकटीच मिक्समधला निम्मा चिखल घालवते. प्रीडिले २० ते ४० मिलिसेकंद, म्हणजे शब्द आधी कोरडा ऐकू येतो आणि मग मागून जागा उघडते, गायक जवळ पण हॉल मोठा असा भास होतो. एक लांब प्लेट (दोन सेकंदांच्या आसपास) आणि एक छोटी खोली (अर्धा सेकंद), बस. प्रत्येक वाद्याला वेगळा रिव्हर्ब दिला की सगळे वेगवेगळ्या इमारतीत बसून वाजवतायत असं वाटतं.

डिले (ठरावीक वेळाने परत येणारा प्रतिध्वनी) रिव्हर्बपेक्षा कमी जागा खातो, म्हणून लीडवर रिव्हर्ब कमी करून तालात बसवलेला, वरची चमक काढलेला डिले वापरून बघा. तो फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दावरच उघडला तर अजून छान.

यापुढचं काम ऑटोमेशन (गाणं चालू असताना लेव्हल वगैरे बदलत ठेवणं) आणि ते सगळ्यात जास्त वेळ खातं. स्टॅटिक मिक्स कितीही चांगलं असो, गाणं हललं नाही तर ते डेमोच वाटतं. लीड आवाजाचा फेडर शब्दाशब्दाला हलवा. अंतरा अरुंद ठेवा, जवळजवळ मोनो, आणि कोरस आला की गिटार, थर, रिव्हर्ब सगळं बाजूंना उघडू दे, लेव्हल अर्धा ते एक डीबी वाढू दे. ड्रमचे फिल्स थोडे वर उचला आणि लगेच परत खाली ठेवा. गाण्यात एक-दोन ठिकाणी फक्त एकदाच होणारी गोष्ट ठेवा, उलटा केलेला पियानो, एका शब्दावरचा लांब एको. मधूनमधून मोनोत आणि अगदी हळू आवाजात ऐका, मोनोत लीड टिकला आणि थर पूर्ण नाहीसे झाले नाहीत तर बरं चाललंय.

मास्टर आणि थांबणं

मोठ्ठं करण्याच्या नादी लागू नका. स्पॉटिफाय साधारणपणे उणे १४ लफ्सला (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) सगळी गाणी आणतं, म्हणजे तुम्ही लिमिटरने (आवाजाला वरची मर्यादा घालणाऱ्या साधनाने) चेचून उणे ७ केलंत तर ते परत खालीच आणलं जाणार आणि वर चिरडलेपणा तुमच्या पदरी. भव्यपणा लहान-मोठ्यातल्या फरकात असतो, तो चिरडला की आधीची सगळी मेहनत गेली. ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे १ डीबी ठेवा, संदर्भाच्या गाण्याशी परत एकदा लेव्हल जुळवून तुलना करा, कारमध्ये ऐका, फोनच्या स्पीकरवर ऐका.

आणि प्रत्येक मिक्स वेगळ्या नावाने सेव्ह करत जा, मागचं पुसू नका. स्वीडीन सांगायचा की जॅक्सनच्या 'बिली जीन'ची मिक्सेस ९१ पर्यंत गेली, आणि मग निर्माता क्विन्सी जोन्सने दुसरं मिक्स परत लावायला सांगितलं, रेकॉर्डवर तेच आलं. तेव्हा पाच-सहा मिक्सनंतर दोन दिवस कान बंद ठेवून परत पहिल्यापासून सगळी ऐका, शक्यतो दुसऱ्या कोणाला तरी शेजारी बसवून, म्हणजे कुठल्या ठिकाणी त्याचं लक्ष फोनकडे जातं ते दिसतं. ते ठिकाण मिक्सने सुटत नसेल तर परत अरेंजमेंटवर जा, बहुधा तिथे काहीतरी काढायचं राहिलेलं असतं.